पुढचं दार उघडत नाही

६ जाने.
तिसऱ्या वकिलानेही आज हात जोडले. "त्या फर्मवर केस? अहो, उद्या त्यांच्याच बाजूला बसून चहा प्यायचा आहे मला." पहिल्याने तब्येत सांगितली, दुसऱ्याने मुलीचं लग्न. डॉक्टरवर दावा लावायचा तर वकील दवाखान्याच्या दारात भेटतात. वकिलावर म्हटलं की अख्खी बाररूम आजारी.
घरी आई : "भेटला का गा कोणी?"
भेटले, म्हटलं. तिघं.

११ जाने.
मिळाल्या एक वकील मॅडम. सक्करदऱ्यात घराच्याच गॅलरीत ऑफिस. म्हणाल्या, "पहिल्यापासून सांगा. आणि विनोद नको." (पेपरातलं माझं सदर वाचतात.)
सांगितलं. बाजूचा प्लॉट बिल्डरने घेतला. आमचा ओटा त्याच्या रस्त्यात येतो म्हणून या वकिलांच्या फर्ममार्फत बाबांवर दावा. समन्स पुढच्या दाराला चिकटवलं. ते दार मी शाळेत असल्यापासून उघडलेलं नाही. उजेडासाठी बाबांनी हातमाग पुढच्या खोलीत मांडला, तो थेट दाराला टेकून. कोष्ट्यांची आळी; अर्धी घरं अशीच. दूधवाला, पोस्टमन, सोयरे, सगळे मागच्या गल्लीतून. चिकटवताना पंच कोण? आळीतलं कोणीच नाही.
फर्मचं प्रतिज्ञापत्र : प्रतिवादी घरात लपून बसतो, दार उघडत नाही. एकतर्फी हुकूम. आम्हाला कळलं ते ओट्यावर जेसीबी आला तेव्हा.
मॅडम : "मागचं दार त्यांना माहीत होतं?"
होतं. दाव्याआधी त्यांचा मुन्शी, देवराव, तडजोडीचं बोलायला आला होता. मागूनच. आईच्या हातचा चहा पिऊन गेला.

१२ जाने.
मॅडमना एक सांगायचं राहिलं. ओट्याचं बाबांना एवढं नव्हतं. ते प्रतिज्ञापत्र मला पुन्हा पुन्हा वाचायला लावत. "लपून? मी तं घरीच होतो ना गा. मागाचा धोटा चालू होता. आवाज नाही गेला का त्याहिले?"
दिवाळीपर्यंत हेच. मग विचारणं थांबलं. मग माग थांबला. मग जेवण. मग
आमच्या अर्जावर हुकूम रद्द झाला, बाबांची तेरवी उरकल्यावर. आईने फोटोला सांगितलं. 'लपून बसतो' मात्र कोर्टाच्या कागदावर तसंच आहे.

२ फेब्रु.
दावा दाखल. कोर्टाच्या प्रक्रियेचा गैरवापर. भरपाईचा आकडा मॅडमनी टाकला, जागा रिकामी ठेवता येत नाही म्हणून. मला एकच हवं. ते वाक्य खोटं होतं, एवढं कोर्टाने लिहावं.

२३ फेब्रु.
फर्मचा जबाब आला. घराला दुसरं दार आहे याची आम्हाला कल्पना नव्हती. भाषा मात्र देखणी. असं खोटं इस्त्री करूनच नेसवावं लागतं.
मॅडम म्हणाल्या, आता सगळं देवराववर.
तो कोर्टाच्या व्हरांड्यात भेटला. म्हटलं, "देवरावभाऊ, आईचा चहा आठवतो?"
खाली पाहत म्हणाला, "साखर जास्त होती." मग, "कुठं बसून पेलो ते नका विचारू, साहेब. मले अजून तिथंच नोकरी करायची आहे." घरी आईला साखरेचं तेवढं सांगितलं.

८ मार्च
घरी आलो तर पुढच्या खोलीत सुतार. माग सुटा करून राहिला होता.
"काहून वं आई?"
"कोर्टाचा माणूस येईन. दार उघडलं पाहिजे."
समजावलं, आता दावा आपण केलाय, आपल्या दाराला कोणी काही चिकटवत नाही.
"तुह्या बाबाले म्हणाले ना, दार उघडत नाही म्हणून. पाहू दे आता."
अर्धी विणलेली साडी तिने आपल्या हाताने कापून घडी केली. माझ्याकडे दिली नाही. दार करकरत उघडलं. बाहेर ओटा नाही. उंबऱ्याखाली सरळ रस्ता.

२१ मार्च
देवरावच्या नावाने साक्षीचं समन्स निघालं. मॅडम म्हणतात, येईल. काय बोलेल ते नाही सांगत.
आई रोज पुढच्या दारात खुर्ची टाकून बसते. शेजारीण : "कोणाची वाट पाहून राहिल्या, काकू?" "कोर्टाची." शेजारीण हसली. आई नाही.
सदर द्यायचंय. एक ओळ सुचत नाही.

२२ मार्च
संध्याकाळी कडी वाजली. आई पुढच्या दारातच होती, रस्त्यावर कोणी नव्हतं. तिने मान वळवली.
मागची कडी.
देवराव. चपला बाहेर काढून उभा. बस म्हटलं, बसला. रिकाम्या खोलीकडे, माग होता तिथल्या खड्ड्याकडे पाहत राहिला.
आईने चहा ठेवला. साखर कमी घातली.