थरथर थांबली, भाऊ!

नाशिक,
एप्रिल १९८१

रा. रा. सावळीरामभाऊ यांस,

तुमची धाकटी बहीण लता हिचा नवरा कारभारी याचा रामराम. इकडे सगळी मंडळी धडधाकट आहेत. नांदगावी वहिनी, मुलेबाळे आणि विशेषतः तुमच्या टाळूवरचे टेंगूळ कसे आहे ते कळवावे. (आमच्या शेजारीण ठमाबाई रोज विचारतात. त्यांना मी उतरले म्हणून सांगून टाकले आहे, तेव्हा कृपा करून उतरवून घ्यावे.)

पत्रास कारण आनंदाचे आहे. थरथर थांबली! चांगुणाच्या साखरपुड्याला आला होतात, तेव्हा मी हौसेने पडवीतला लाकूड कातायचा लेथ सुरू करून दाखवला, स्वयंपाकघरातली फळी हादरली आणि तिच्यावरचे पितळी पातेले नेमके तुमच्या डोक्यात बसले. तुम्ही अर्धा चहा टाकून उठलात आणि चारचौघांत म्हणालात, "दाजी, ह्यो हादरा बंद झाल्याबिगर मी या घराची पायरी चढणार नाय. लग्नालाबी नाय!" मामाशिवाय भाची बोहल्यावर कशी जाणार, म्हणून तुमची बहीण त्या दिवसापासून माझ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलत होती. बरे, लेथ विकून टाकावा, तर मी व्याह्यांना भर बैठकीत सांगून बसलो होतो की रुखवतात मुलीच्या बापाने स्वतः कातलेली काठवट मांडू. म्हणजे काठवट करावी तर मामा जातो आणि मामा आणावा तर काठवट जाते. माझी झोप उडाली.

पहिला संशय स्टँडवर घेतला. स्टँड हलका, म्हणून नाचतो. त्याला वजन पाहिजे. आता वजन म्हटल्यावर दुसरा माणूस दगड शोधेल. आमच्या घरात लग्नासाठी पिंपळगावहून आणलेल्या कांद्याची पोती होती. ती स्टँडच्या खालच्या फळीवर रचली आणि काय सांगू, लेथ एकदम गरीब झाला! मी सगळ्या आळीला बोलावून दाखवले. पण पुढच्याच आठवड्यात थरथर हळूहळू परत आली. मी बेअरिंग बदलले, नट आवळले, मोटारीला तेल पाजले (एक नारळही फोडला), तरी ती वाढतच गेली. देव्हाऱ्यातला गणपती सरकत सरकत खंडोबाच्या टाकाला जाऊन चिकटला, तेव्हा देव कोपला म्हणून लताने उपास धरले. ठमाबाईंचे निराळेच. "देवळालीला मिल्ट्रीच्या तोफा चालू हायेत, त्याचा हादरा ह्यो, तुमचा काय दोष!" मी गुन्हा कबूल करूनही त्या माझ्यावर ठपका ठेवायला तयार होईनात.

शेवटी एकदा वाकून खाली पाहिले, तर पोती निम्मी! लता मागच्या बाजूने रोज कांदे काढत होती. स्वतःला उपास होता, पण पाहुण्यांची ये-जा सुरू होती ना. (ती म्हणते, कांदा खायचा असतो, यंत्राखाली बसवायचा नसतो.) म्हणजे लेथचे वजन आम्ही सगळ्यांनी मिळून पोह्यांत आणि पिठल्यात घालून खाल्ले होते.

मग पोत्यांत नदीची वाळू भरली, कारण ती कोणी फोडणीला घालत नाही, आणि स्टँडचे पाय बोल्ट मारून फरशीत पक्के केले. तरी थोडी धुसफूस उरलीच. तेव्हा लेथवर काठवटीसाठी लावलेल्या ओंडक्याकडे वळलो. (ओंडका तुमच्याच बांधावरच्या आंब्याचा, प्रेमाने दिलेला, मी त्याला नावे ठेवत नाही.) मोटार बंद ठेवून तो हाताने फिरवून सोडला, की दर वेळी त्याची एकच बाजू खाली येऊन थांबे. ती बाजू जड, हे मला त्या क्षणी उमगले. तिथून थोडे थोडे तासत गेलो, तेव्हा कुठे ओंडका सोडू तिथे थांबू लागला. वेग कमी केला. पटाशीला धार लावली, आणि ती टेकवायची पट्टी लाकडाच्या अगदी जवळ आणली, कारण पटाशी फार पुढे काढली की तीच थरथरते. कोरता कोरता काठ पातळ होऊन कुरकुरू लागला, तेव्हा त्याला बाहेरून तळहाताचा हलका आधार दिला. परवा चालत्या लेथवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला. एक थेंब सांडला नाही. लता खळखळून हसली आणि माझ्याशी शब्दांत बोलली. भाऊ, खरे सांगतो, छातीवरून धोंडा उतरला.

तर तुमची अट पुरी झाली आहे. वहिनींना नमस्कार आणि धाकट्याच्या पाठीत माझ्या वतीने एक प्रेमाचा धपाटा.

तुमचा,
कारभारी

ता. क. : पेला अगदी काठोकाठ नव्हता. चार बोटे रिकामा होता. लता खांद्यावरून वाचते आहे, म्हणून लिहावे लागते.

आणखी ता. क. : लता आत गेली. आता मुद्द्याचे लिहितो. काल चांगुणा काठवटीवरून हात फिरवत म्हणाली, "आबा, रुखवतात काठवट नसली तरी चालेल मला. पण मामा आला नाही तर मी बोहल्यावर चढणार नाही." तिचे डोळे भरून आले होते आणि मला तिच्याकडे बघवले नाही. तुम्हाला सरळ 'या' म्हणायला जीभ रेटेना, म्हणून एवढे पाल्हाळ लावले. पत्र घेऊन येणाऱ्या एस.टी.तल्या भिकाकडे एक पुडकेही दिले आहे. त्यात मोटारीवरून लेथ फिरवणारा पट्टा आहे. काठवट आतून गुळगुळीत करायची अजून राहिली आहे, आणि या पट्ट्याशिवाय ती व्हायची नाही. पट्टा कोणाच्या हाती पाठवलात तर मी घेणार नाही. तुम्ही स्वतः घेऊन या.