पाकिटावरचं हसू

तीर्थरूप मामांना,

गोदामातल्या कॉफीच्या पोत्यावर बसून शिरसाष्टांग नमस्कार. (पोतं घसरल्यामुळे अर्धाच झाला. उरलेला समक्ष करीन.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का? मी ठणठणीत आहे. वजन तेवढं घटलंय, पण इथे त्याला तब्येत सांभाळणं म्हणतात.

तर पत्रास कारण, तुमचं हसणं. गेल्या हंगामात आमच्या मालकीणबाई तुमच्या बागेत आल्या होत्या आणि तुम्ही पोट धरधरून हसत असताना त्यांनी तुमचा फोटो काढला होता, आठवतं? तो आता आमच्या दुकानातल्या प्रत्येक पाकिटावर आहे. खाली छापलंय, ‘आमचा शेतकरी, आमचा आनंद.’ (मामींना सांगू नका. शर्ट तोच, काखेत उसवलेला.) गिऱ्हाइकांना तुम्ही इतके आवडता की एक आजोबा रोज नुसतं तुम्हाला बघायला येतात. कॉफी त्यांना डॉक्टरांनी बंद केली आहे. पण परवा दुकान गच्च भरलेलं असताना एका चष्मेवाल्या बाईंनी मला विचारलं, की हे गृहस्थ एवढे कशाला हसताहेत? आता फोटो काढला तेव्हा मी तुमच्या शेजारीच उभा होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, की मालकीणबाईंनी त्यांना नुकताच कॉफीचा भाव सांगितला होता.

मामा, अशी शांतता पसरली की कॉफी दळायचं यंत्रसुद्धा बंद पडल्यासारखं वाटलं (ते खरंच बंद पडलं होतं, अधूनमधून पडतं). बाईंनी हातातलं पाकीट मुकाट्याने फळीवर ठेवलं. त्यांच्या मागच्यांनीही ठेवलं. आजोबांच्या हातात काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी एक उचलून परत ठेवलं. मालकीणबाई लालबुंद झाल्या. तशा त्या मनाने वाईट नाहीत. ‘शेतकऱ्याला रास्त मोल’ ही दारावरची पाटी त्यांनी स्वतः रंगवलीय, फक्त रास्त म्हणजे किती, हे शेतकऱ्याला विचारायचं राहून गेलं. तर त्यांनी तणतणत सगळ्यांसमोर तुम्हाला फोन लावला, स्पीकरवर, आणि विचारलं की आम्ही देतो त्या भावात तुमचं घर नीट चालतं ना. आणि तुम्ही हसलात. तेच हसणं, मामा! अख्ख्या दुकानाने ओळखलं. आजोबांनी तर टाळ्या वाजवल्या. मग यंदा माल देणार नाही, झाडं उपटून मिरी लावतो, असं ठणकावून तुम्ही फोन ठेवलात.

तुमचा माल आला नाही तर फळ्या रिकाम्या पडणार, त्यामुळे तेव्हापासून मालकीणबाईंना जेवण जात नाही. पण खरं सांगू? मला झाडांचंच वाईट वाटतं. तुम्ही आणि मामींनी ती पोरांसारखी वाढवलीत. उपटू नका.

मामींना नमस्कार सांगा.

तुमचा,
फटकळ भाचा

ता. क. : हे पत्र मालकीणबाईंनीच लिहायला बसवलंय. रविवारी त्या पुन्हा फोन करतील. या वेळी भाव तुम्ही सांगायचा आणि त्यांनी ऐकायचा, असं त्यांनी स्वतः कबूल केलंय. खत धरा, तोडणीला येणाऱ्या बायांची पोटभर मजुरी धरा, आणि मामींची मेहनतही धरा, ती दर वर्षी फुकटात जाते. फक्त कृपा करून हसू नका.

आणखी एक ता. क. : वरचं सगळं वाचून दाखवलं तेव्हा मालकीणबाईंनी सहज विचारलं, की तुझं तरी पगारात भागतं ना रे? मी फार प्रयत्न केला, पण हसू आवरलं नाही. आजोबा म्हणाले, पाकिटाची मागची बाजू अजून रिकामी आहे.