सोनालीचा वाफा

सोलापूर
१२ जानेवारी २०२५

चि. सोनालीस सासूचा आशीर्वाद. हितं समदी बरी हाईत. थंडी हाय, माझा गुडघा हाय तसाच हाय. भारतला सांग, गोळ्या अजून संपल्या न्हाईत.

पत्र बघून हसू नगंस. फोनवर माझा आवाज चढतोय, मग तू "बरं आई" म्हणून गप बसतीस. कागदावर तरी ओरडता येत न्हाय.

तर बातमी अशी, की मी पाला गोळा करतीय. व्हय, मीच. नळाजवळच्या भितीकडंला, गेल्या हिवाळ्यात तू वाफा केलतास तितंच. बदामाचा, सुबाभळीचा, गल्लीत पडंल तो. पोतं घिऊन निघाले की शेजारची जगदेवी दारात हुबी. "केराबाई, मुन्शिपाल्टीत नोकरी लागली का काय?" मी म्हणलं, "लागली की. तुझं अंगण झाडून आण, न्हायतर दंड लावीन."

पयल्यांदा फसले. माझा भाऊ बिरप्पा मेंढरं घिऊन रस्त्यानं चालला हुता. पाल्यावर लेंड्या पडल्या तर बरंच म्हणून त्याला हाक मारली, म्हणलं बसव की दुपारभर हितं. जलम मेंढरामागं गेला माझा, आन् एवढं सुचलं न्हाय. मी च्या करून आणंस्तवर निम्मा पाला त्यांच्या पोटात. बिरप्पा म्हणतोय, "आक्का, पंगत घातलीस व्हय?" लेंड्या तेवढ्या मिळाल्या.

परत चार पोती पाला आणला. थर पाल्याचा, वर माती, शेणाचं पाणी, परत पाला. वरनं भिजलेलं पोतं. तू करत हुतीस तसंच. मी खिडकीतनं बघत हुते तवा.

आता मुद्द्याचं लिवते. तुझा वाफा मी पेटवला. पाव्हणे येणार, इच्चू निघतील, असं तुला सांगितलं. पाव्हणे कोण बी येणार नव्हते. मला न इचारता माझ्या अंगणात फावडं घातलंस, त्याचा राग हुता. सुट्टीचे चार दिवस घालवून तू केलंस आन् मी काडी लावली. तू बॅग भरलीस. दिवाळीला भारत एकटाच आला.

नळाकडचा कोपरा वला हुता, तो जळला न्हाय. गुढीपाडव्यानंतर उकरला तर माती काळी, भुसभुशीत, आन् गांडुळं. आपल्या मुरमात गांडूळ मी कधी बघितलं नव्हतं. पावसाळ्यात तितं वांग्याची दोन रोपं लावली. असली वांगी आली, जगदेवी म्हणाली तुमच्या हाताला गुण हाय. मी म्हणलं हाय. काल तिला खरं सांगितलं. लई हसली.

चुकलं माझं. एवढं लिवायला तीन कागद फाडले.

पाडव्यापतुर पाला कुजंल. वाफा मोकळाच ठेवलाय, काय लावायचं ते तू ठरव. गुलाब लावलास तरी मी तोंड उघडणार न्हाय. भारतला रजा मिळू दे न्हायतर न मिळू दे, तू ये.

वाट बघत न्हाय, पाणी घालतीय.

तुझी आई
केराबाई