देवकाबाईंची गोळी

६ जानेवारी, सोमवार
आज तिसरा दिवस — शेजारच्या खाटेवरच्या देवकाबाईंना दुखण्याची गोळी नाही! कमरेचं हाड मोडलेलं, लकव्यानं वाचा गेलेली. कूस बदलताना नुसती चादर चावतात. त्यांच्या वतीनं मीच नर्स काजलला विचारलं. म्हणाली, गोळ्या संपल्या, ऑफिसात सांगितलंय.

७ जानेवारी
वृद्धाश्रमाच्या ऑफिसात गेले. मॅनेजर हेमराज म्हणतो, त्याला कोणी सांगितलंच नाही. औषध घरच्यांनी आणायचं असतं. माझ्यासमोर देवकाबाईंच्या मुलाला, रजतला, फोन लावला. तो सेलूहून ओरडला — दोन पाकिटं शनिवारीच देऊन गेलो! कोणाच्या हातात, ते आठवत नाही. इथं कोणी पाहिली नाहीत. हेमराज म्हणाला, शोधतो.

८ जानेवारी
शोधली नाहीत.

९ जानेवारी, गुरुवार
डॉक्टरांचा वार. आले नाहीत. काजलला म्हटलं, फोनवर तरी विचारा, लय दुखतं. वैतागली. "आजी, किती बार सांगसान? मी सांगून राह्यली ना साहेबाले!"
तीस वर्षं अंगणवाडी केली. पोरांची सगळी रडणी ओळखायची. या रडण्याला आवाजच नाही. देवकाबाईंनी माझं मनगट धरलं होतं, नखं रुतली.

१० जानेवारी, शुक्रवार
गोळ्या आल्या. काजलच्या हातात पाकीट दिसलं आणि डोळे भरून आले. पण ती माझ्याच खाटेपाशी थांबली. पाकिटावर माझं नाव — सुलोचनाबाई.
काजलनं साहेबाला, म्हणजे हेमराजला, सांगितलं, आजी म्हणते लय दुखते. साहेबानं डॉक्टरांना फोनवर माझं नाव सांगितलं. झालं!
सगळं समजावलं. तिचा चेहरा उतरला. साहेब वर्ध्याला गेलेला, डॉक्टरांचा फोन लागेना.
"कागदावर तुमचं नाव हाय, आजी. त्याईले देली तं माही नोकरी जाईन. माह्यासमोर घ्या."
देवकाबाई हात पुढे करून पडल्या होत्या.

११ जानेवारी
काल एक लिहवलं नाही. काजल हललीच नाही, म्हणून गोळी मी घेतली. दोन वर्षांत पहिल्यांदा माझे गुडघे गप्प झाले. दुपारभर झोपले.
आज काजल गोळी घेऊन आली, तेव्हा मी देवकाबाईंचं नाव काढलं नाही. हात पुढे केला.