बाराही जणांत सापडलेला रिसेप्टर

३ मार्च, सकाळी ९
आजपासून कोणावरही चिडायचं नाही. टेक्निशियन बाई सोडून. बारा जणांचं रक्त आलंय. माणसाच्या रक्तातल्या, रोगांशी लढणाऱ्या टी-पेशींवर लाखो तऱ्हेचे रिसेप्टर असतात, वेगवेगळे शत्रू ओळखायला; प्रत्येकाचे निराळे. कोणाकडे किती तऱ्हा, ते डीएनए वाचून मोजायचं. महिनाअखेरीस माझं कंत्राट संपतंय. हे काम झालं की वाढलंच म्हणून समजा.

४ मार्च
बाईंनी रक्ताच्या खोलीवर पाटी लावली: मशीनमध्ये वाढवलेल्या डीएनएच्या नळ्या इथे उघडू नयेत. कोणासाठी लावली, कळतं मला! एसी फक्त त्याच खोलीत आहे. तिथेच उघडणार. गेल्या आठवड्यात सरावाला माझं स्वतःचं रक्त मशीनवर चालवलं, त्याच्या नळ्या उघडल्या तिथेच. काय बिघडलं?

११ मार्च, दुपार
बाराही जणांत एक रिसेप्टर तंतोतंत सारखा! आणि सगळ्यात जास्त तोच! बारा अनोळखी माणसं!! बायकोला फोन केला. म्हणाली, आधी नीट तपासून घे. माहेरचा संशयी स्वभाव, दुसरं काय.

१२ मार्च
बाई म्हणतात, रक्ताऐवजी नुसतं पाणी घालून एक नळी चालवा. पाण्याला कसल्या आल्यात टी-पेशी! जळते भवानी माझ्यावर. साहेबांनी तिचंच ऐकलं. साहेबही त्यातलेच.

१६ मार्च
पाण्यातही तोच रिसेप्टर. म्हणजे पाणी खराब. पाणी कोण भरतं? बाई. सापडल्या!

१८ मार्च
मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बाईंचं नाव घेतलं. त्यांनी ड्रॉवरमधून माझ्या सरावाच्या निकालाचा कागद काढून साहेबांपुढे ठेवला. माझं रक्त किती ठणठणीत आहे ते दाखवायला मीच तो बाईंना दिला होता. यादीत पहिल्या नंबरावर तोच रिसेप्टर. माझा. मीच उघडलेल्या नळ्यांतून माझा डीएनए सगळीकडे उडालेला.

घरी सांगितलं नाही.

२० मार्च, संध्याकाळी ५
कंत्राट वाढणार नाही. बारा जणांचं रक्त पुन्हा मागवायचंय. काम बाई करणार. जाताना त्यांनी माझ्याकडे एक नळी रक्त मागितलं. सराव छोटा होता, माझी पूर्ण यादी हवीय म्हणाल्या. पुढे कुठल्याही नमुन्यात मी निघालो, तर ओळखून वगळता यावं म्हणून.

दिलं. सुई इतकी हलक्या हाताने टोचली की तक्रार करायलाही जागा ठेवली नाही.