पाचव्या सिलिंडरचा आवाज

प्रिय ठिणगे,

आधी आला तो फरशीवाला. रविवारी सकाळचे नऊही वाजले नव्हते. मी गॅलरीत केस वाळवत बसले होते, आणि खालून असा आवाज आला की कुणीतरी जाड सतरंजी सावकाश फाडतंय. वाकून बघते तर वर्कशॉपच्या दारात ही एवढीशी करडी गाडी, उभी राहिले तर माझ्या कमरेला लागेल इतकीच, आणि तिच्यातून बाहेर पडायची फरशीवाल्याची खटपट चाललेली. त्याचं पोट तुला आठवतं ना? आधी एक पाय आला. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मग एक हात आला, आणि तुझ्या दादाने काखेत हात घालून ओढलं तेव्हा कुठे उरलेला माणूस आला. तो घाम पुसतोय तोवर दातांचा डॉक्टर हजर, लाल गाडीतून. दोघं आता व्याही झालेत हे तुला कळवलं होतं की नाही, आठवत नाही. डॉक्टरची मुलगी फरशीवाल्याच्या घरात गेली आणि तेव्हापासून या दोघांना चैन नाही. भांडण नाही हं, नुसती चढाओढ. एकाने जिना नवा केला की दुसरा छप्पर काढतो. एकाने कुत्रा आणला तर दुसऱ्याने त्याहून उंच कुत्रा आणला. आता या गाड्या.

तर दोघांना निकाल हवा होता, कुणाची चांगली. दादा कुणाची बाजू घेईना, दोघंही गिऱ्हाईक. तेवढ्यात डॉक्टरचं लक्ष वर गेलं आणि म्हणाला, आजींना बसवा की, त्यांनी चाळीस वर्षं इंजिनांच्या डोक्यावर संसार केलाय. मी म्हटलं, अरे माझं वय काय, माझे गुडघे काय. आणि असं म्हणत म्हणत चपला घालून खाली आलेसुद्धा. खोटं कशाला सांगू, कधी एकदा बसते असं झालं होतं.

लाल गाडीचं दार बाजूला उघडतच नाही गं! वर जातं, नाकतोड्याने पंख उचलावा तसं. आत बसायचं म्हणजे आधी पाठ टाकायची, मग पाय एकेक करून आत घ्यायचे. तोंड चपटं, धारदार, जणू कुणी सुरीने तासलंय. आणि बारा सिलिंडरचं इंजिन कुठे, तर आपल्या पाठीमागे, मानेपासून वीतभरावर. डॉक्टरने बटण दाबलं आणि माझ्या उरलेल्या दातांनी जागा सोडली असती. तो आवाज वर चढतो, चढतो, वाटतं आता संपला, तर आणखी एक पायरी असतेच. पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो आणि आलो, तेवढ्यात मी तीनदा ओरडले आणि डॉक्टर चारदा. चाक बोटाने हलवलं तरी नाक वळतं. रस्त्यात खडा आला की तो खडा कसा आहे, गोल की टोकदार, ते माकडहाडाला कळतं. मनात काही ठेवतच नाही ती गाडी.

करडीचं सगळं उलटं. पुढून डोळे बेडकासारखे गोल, मागून मात्र ऐसपैस, बाकावर दोघींची जागा घेऊन बसलेल्या बाईसारखी. सहाच सिलिंडर. सुरुवातीला शिवणयंत्रासारखी गुरगुर, मग एक बारीक शिट्टी, आणि शिट्टी संपते न संपते तोच पाठीत असा धक्का बसतो की शब्द घशातच राहतो. पण वळणावर हलणार नाही, डुलणार नाही. फरशीवाल्याने एका हाताने चाक धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने मला खिडकीतून त्याचं गोदाम दाखवत होता. परत आल्यावर मी निकाल दिला, रोज जायचं तर करडी, नुसतं ऐकत बसायचं तर लाल. दोघांचीही तोंडं पडली. फरशीवाला म्हणाला, म्हणजे माझीला आवाज नाही म्हणता? डॉक्टर म्हणाला, म्हणजे माझी जायला नाही म्हणता? दादा हसायला नको म्हणून वळून उगाच पाना शोधत राहिला.

हे सगळं तुला हसवायला लिहितेय, आणि मीही लिहिताना हसलेय, पण पुढचं लिहायचं म्हणून मघापासून दोनदा उठून पाणी पिऊन आले. तू वाचताना मध्येच थांबू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग काय रागवायचं ते रागव.

टाकीच्या वळणावर डॉक्टरने ॲक्सिलरेटरवरचा पाय वर घेतला तेव्हा मागून, डाव्या बाजूने, एक बारीक आवाज आला. खुळखुळा नाही, टकटक नाही. कपाटात मागे कुठेतरी काचेला काच लागावी तसा. आला आणि गेला. डॉक्टर खरं तर त्यासाठीच आला होता. कंपनीच्या लोकांनी गाडी दोनदा संगणकाला लावली आणि दोनदा काही नाही म्हणून परत दिली. दादानेही सगळं करून बघितलं. तुझ्या आजोबांचा तो लांब पेचकस घेतला, टोक इंजिनाला, मूठ कानाला, असा बारा ठिकाणी वाकून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, मला काही सापडत नाही. मला ऐकू येत होतं, पण कुठला सिलिंडर ते माझ्या या वयाच्या कानांना कळेना. व्याही गेले. गेल्यावर दादा पायरीवर माझ्याशेजारी बसला, हात तसेच काळे. म्हणाला, आजी, ठिणगी इथे असती तर तिने सांगितलं असतं. मग म्हणाला, त्या दिवशी तिसरा म्हणून मी सांगितलं ते तू सांगितलंस म्हणून. मला तेव्हाही काही ऐकू आलं नव्हतं.

अकरा वर्षं तो हे घेऊन बसला होता, आणि मला वाटत होतं ते फक्त माझ्याकडेच आहे.

ठिणगे, तो दिवस तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. टँकरचं ते सहा सिलिंडरचं इंजिन लोखंडी घोडीवर चढवलेलं, आणि आजोबा म्हणाले होते, जो बरोबर ऐकेल त्याच्या हातात वर्कशॉप. नात की नातू, मला फरक नाही. सकाळी त्यांनी मुद्दाम एका सिलिंडरचा टॅपेट ढिला केला, वाजावा म्हणून, तो मी वरून बघितला. तिसरा. दादा चहाला वर आला तेव्हा त्याच्या कपात साखर घालता घालता मी त्याला सांगून टाकलं. का म्हणून विचारशील. तेव्हा मला वाटायचं, तुला कुठेही टाकलं तरी तू तरशील. तो दोन ठिकाणची नोकरी सोडून आलेला, घरात नजर वर करत नव्हता. मला वाटलं, एकाला आधार दिला. दुसऱ्याकडचं काय काढून घेतलं ते तेव्हा मोजलं नाही.

खाली इंजिन सुरू झालं. दादा म्हणाला, तिसरा. तू वाकलीस, डोळे मिटलेस, आणि म्हणालीस, तिसरा, आणि पाचवाही. आजोबा म्हणाले, पाचव्याला मी हात लावलेला नाही, तुला नसलेलं ऐकू येतंय. सगळे हसले. तू परत वाकलीस आणि परत म्हणालीस, पाचवाही. तेव्हा मी गॅलरीत होते. मला पाचवा ऐकू आला होता, बाळा. अगदी स्वच्छ. मी तोंड उघडलं नाही, वाळत घातलेले कपडे काढत राहिले.

त्यानंतर तू गेलीस. लिफ्टच्या कंपनीत बसून लोकांच्या तक्रारी लिहून घेतेस, कुठल्या मजल्यावर कसला आवाज येतो ते. घरी आलीस की दादा एखादी गाडी सुरू करून सहज विचारतो, काय वाटतं गं? आणि तू दर वेळी तेच म्हणतेस, माझ्या कानांचं काही खरं नाही, मला नसलेलंही ऐकू येतं. हसून म्हणतेस. मी तिथेच असते.

आता जे राहिलंय ते सांगते. तू गेल्यावर महिनाभराने तो टँकर रस्त्यात बंद पडला. ओढून आणला, आजोबांनी एकट्यानेच वरचं झाकण उघडलं, तर पाचव्याच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग मधोमध तुटलेली. आधी चीर गेली असणार, तीच तुला ऐकू आली. ते स्प्रिंगचे दोन्ही तुकडे हातात घेऊन वर आले. जेवले नाहीत. मला म्हणाले, तू तिला पत्र लिहितेस ना, त्यात लिही, पाचवाही होता, चूक माझ्या कानांची होती, परत ये. एवढंच. त्यांना लिहिता येत नव्हतं हे तुला ठाऊक आहे, आणि फोनवर काय, समोरही असलं बोलणं त्यांच्या जिभेला कधी जमलं नाही. मी पत्र लिहिलं. शेजारणीच्या पायाचं लिहिलं, नळाचं लिहिलं, तुझी गादी उन्हात घातली तेही लिहिलं. ते वाक्य लिहिलं नाही. तू आलीस तर दादाचं काय, एवढाच विचार. टपालात टाकून आले आणि त्यांना म्हटलं, लिहिलं.

तुझं उत्तर आलं, त्यात नोकरीचं आणि खोलीचं. त्यांनी दोनदा वाचून घेतलं. म्हणाले, त्याबद्दल काही नाही का? मी म्हटलं, नाही. पुढच्या पत्राला विचारलं, त्याच्या पुढच्या पत्राला विचारलं, मग विचारायचे थांबले. शेवटच्या दुखण्यात तू दोन दिवस येऊन पायाशी बसलीस, तेव्हा ते तुझ्याकडे बघत राहिले. तू काहीतरी म्हणशील म्हणून वाट बघत होते. तू खाली बघत होतीस, ते काहीतरी म्हणतील म्हणून. आणि मी मध्ये उभी राहून तांब्यात पाणी भरत होते, जो भरलेलाच होता. ते गेले ते तू माफ केलं नाहीस असं समजून. त्यांना आता मी काही सांगू शकत नाही. तुला सांगू शकते.

म्हणून हे पत्र. फोन उचलून सांगता आलं असतं, दादा तर नंबर लावून देत होता. पण जे मी पत्रातून गाळलं ते पत्रातच लिहायला हवं असं मला वाटलं, तुझ्या हातात राहील असं. तर त्यांचं वाक्य, अकरा वर्षं उशिरा: पाचवाही होता, चूक माझ्या कानांची होती, परत ये. खाली माझं एक: मला ऐकू आला होता. माफ कर असं मी म्हणत नाही, तेवढं तोंड मला नाही. दादाने वर्कशॉपच्या दाराची दुसरी किल्ली करून घेतली आहे आणि मला विचारतोय की तुला राग येणार नाही ना. मी म्हटलं, राग आला तर येऊ दे, तिला यायलाच काहीतरी हवं. आलीस आणि माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, मी वरच बसेन. लाल गाडीच्या डाव्या बाजूला कुठेतरी काच वाजतेय, आणि ती कुठे हे या घरात फक्त तुला कळेल. दोघे व्याही पुन्हा यायचं कबूल करून गेलेत, या नाही, पुढच्या रविवारी, सकाळी नऊला.

तुला अजून म्हणावंसं वाटलं तर, तुझीच,
आजी