पिवळ्या शेपटीचा चमचा

दुकानातून,
४ जानेवारी

ती. साडूभाऊ यांस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. गाड्या रंगवणं सुटलं तरी तुमचा हात सुटलेला नाही. चंदेरी पोट, काळी पाठ आणि मधून तांबडा पट्टा, तोही इतका सरळ की माझ्यासारख्या घड्याळजीला हेवा वाटावा. शेजारच्या शिंप्याने विचारलं की चमच्याने मासे कसे धरतात. त्याला समजावून सांगावं लागलं की हा जेवायचा चमचा नव्हे. बोटभर पितळी पत्रा, मध्ये खोलगट, एका टोकाला दोरी आणि दुसऱ्याला गळ. पाण्यातून ओढला की जखमी मासोळीसारखा डुलतो आणि मोठा मासा फसतो. फसत नाही तेव्हा काय करता, असंही त्याने विचारलं. ते मी ऐकू न आल्यासारखं केलं.

आता शेपटीबद्दल. तुम्ही चमच्याच्या मागे पिवळ्या लोकरीची वेणी बांधून पाठवलीत. बांधणी सुबक आहे, नाही म्हणत नाही. पण तिहेरी गळ आणि त्यावर ही वेणी, म्हणजे चमच्याला डुलायला जागाच उरत नाही. तलावात टाकला तर लग्नातल्या जाडजूड काकूंसारखा संथ चालत आला. मासा काही लागला नाही. खडकावर आपटून रंगाचा टवका मात्र उडाला, म्हणून परत पाठवत आहे. शेपूट काढलेली नाही. तुम्हीच विचार करून सांगा.

घरी सगळं ठीक. सासूबाई गेल्यापासून दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नाहीत, त्याला आता दोन वर्षं होतील. पार्सलवरची शिवण आमच्या सौ. उसवतात, परत पाठवताना त्याच शिवतात, पण ताई कशा आहेत हे काही विचारत नाहीत. मीही विषय काढत नाही. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा.

लोभ आहे तो असाच पाण्यावर राहू द्या.

आपला,
घड्याळजी


घरून,
१३ जानेवारी

प्रिय साडूभाऊ,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा डोकं खाजवलं. कसली शेपूट? मी उघडा चमचा पाठवला होता. लोकर माझ्याकडे येणार कुठून? माझ्या खोलीत रंगाचे डबे, पॉलिश पेपर आणि सुनेची बोलणी याशिवाय काही नसतं.

त्यात तुम्ही लिहिता की वेणी तशीच परत पाठवली. इथे आला तेव्हा चमच्यामागे वेणी नव्हती. पिवळ्या लोकरीची नुसती सोडवलेली, ओढून विस्कटलेली झिपरी होती. पाठवायचीच होती तर नीट पाठवायची. मला वाटतं, डोळ्याला भिंग लावून लावून तुम्हाला नसलेलं दिसायला लागलंय. डबीत नवा चमचा ठेवला आहे, हिरवी पाठ आणि सोनेरी पोट. या वेळी एकेरी गळ लावून बघा. शेपूट नाही. मी डबी बंद करण्याआधी पुन्हा उघडून पाहिली आहे. पार्सल सौ. नेहमीप्रमाणे कापडात शिवून देतील.

हे पत्र तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर वेगळं टाकतोय, कारण पुढचं तुमच्या घरी धाकटीच्या हाती पडायला नको. आमच्या सौ.च्या उजव्या हातातून वस्तू पडायला लागल्या आहेत. आधी आम्ही हसलो, मग कपबशा संपत आल्या. डॉक्टर म्हणतात मानेत शीर दबली आहे, म्हणून बोटं बधिर होतात. ऑपरेशन करावं लागेल, आणि मानेचं आहे म्हणून जोखीम आहे. सौ.ने मला बजावलंय की धाकटीला यातलं अक्षर कळता कामा नये. तुम्हीही शब्द द्या.

आमचा लोभ तुमच्या शेपटीहून लांब आहे, एवढं समजा.

आपला,
रंगारी


दुकानातून,
२२ जानेवारी

ती. साडूभाऊ यांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी आनंदाची बातमी सांगून टाकतो, मग पोटात आहे ते बोलतो. मासा लागला. चांगला हातभर लांब, आणि काठी अशी वाकवली की मी घाटावर बूड टेकून बसलो. पण तुमचा हिरवा रंग लागू पडला, की एकेरी गळामुळे चमचा हलका झाला, की शेपटीमुळे, हे मला सांगता येत नाही. होय, शेपूट होतीच. पुन्हा पिवळी वेणी, पुन्हा तितकीच सुबक. तुम्ही डबी दोनदा पाहिलीत म्हणता आणि मी दोन डोळ्यांनी पाहतोय. एका वेळी एकच गोष्ट बदलावी हे तुम्हीच मला शिकवलं होतं, आणि आता तुम्हीच रंग आणि गळ एकदम बदलता, वर शेपूट नाही म्हणून शेपूट लावता. सौ.ने शिवण उसवली आणि तो चमचा हातात घेऊन बराच वेळ बसून राहिली. रंग आवडला असेल असं मी धरून चाललो.

शब्द दिला. पण साडूभाऊ, तो गळासारखा रुतला आहे. सासूबाई तुमच्याकडे आजारी होत्या तेव्हा ताईंनी हिला कळवलं नव्हतं. कळलं तेव्हा ही निघाली आणि पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. भांडण त्याचंच आहे. आता ताई स्वतःचंही लपवणार आणि आपण दोघे त्यात सामील. पुढे काही वेडंवाकडं झालं तर ही ताईंना माफ करणार नाही, आणि मलाही करणार नाही, आणि तिचं बरोबर असेल. मला ताईंची काळजी वाटते आणि घरी जेवताना खाली मान घालून जेवावं लागतं. ताईंना एकदा समजावून पाहा.

माशाने रंग चावून खराब केलाय, म्हणून हिरवा चमचा परत पाठवतो.

लोभ असावा, आणि थोडं धैर्यही पाठवावं.

आपला,
घड्याळजी


घरून,
२ फेब्रुवारी

प्रिय साडूभाऊ,
स. न. वि. वि.

माशाबद्दल अभिनंदन. त्याचं श्रेय हिरव्या रंगाचं आहे, यावर मी वाद घालणार नाही.

पण हा काय प्रकार आहे? परत आलेल्या चमच्याची शेपूट या वेळी विस्कटलेली नव्हती. पिवळी वेणी होती तशी, आणि तिच्या टोकाला लाल रेशमाची बारीक गाठ मारलेली. तुमच्याकडे हे कोण करतं? शिंपी तर नाही? मी ती शेपूट काढून फेकणार होतो, तेवढ्यात सौ.ने हातातून घेतली, खिडकीपाशी नेली आणि हसली. कित्येक आठवड्यांनी हसली. का हसलीस विचारलं तर म्हणाली, तुम्हाला रंगातलं कळतं तेवढं पुरे आहे. या वयात मला माझ्याच घरातलं कळेनासं झालंय.

ऑपरेशन येत्या सोळा तारखेला ठरलं. धाकटीला कळवण्याबद्दल मी बोलून पाहिलं. सौ. म्हणते, बरी झाले की मीच सांगेन, उगाच तिला घाबरवायचं नाही. मी म्हटलं की आईच्या वेळीही तू हेच म्हणाली होतीस. त्यावर दोन दिवस माझ्याशीही अबोला होता.

सोबत तांबूस चमचा, पाठीवर ठोकून खळगे पाडले आहेत, म्हणजे उजेड तुटक पडेल. पार्सल शिवायला सौ.ला तास लागला. सुई बोटांत ठरत नव्हती. मी शिवतो म्हटलं तर डबी छातीशी धरून बसली.

लोभ आहे, समज मात्र कमी पडते आहे.

आपला,
रंगारी


दुकानातून,
१२ फेब्रुवारी

ती. साडूभाऊ यांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टाने येणार नाही. ज्या व्यक्तीच्या हाती येत आहे तिला आधी आत घ्या, पाणी द्या, मग वाचा.

तांबूस चमचा पत्रासोबत दुकानावरच आला, म्हणून या वेळी शिवण मीच उसवली आणि तो घेऊन काल तलावावर गेलो. दुसऱ्याच फेकीला शेपूट सुटून पाण्यावर तरंगायला लागली. काठीने ओढून आणली आणि घरी येऊन तक्रार केली की साडूभाऊंची बांधणी बिघडली. सौ.ने ती हातात घेतली आणि तिचा चेहराच उतरला. वेणी पाच पेडांची नव्हती, तीनच पेडांची होती, तीही वाकडीतिकडी आणि गाठ सैल. तिने मला एकच विचारलं, ताईच्या हाताला काय झालंय.

मी शब्द पाळला. पण गळ आणि शेपट्यांवर तासन्‌तास बडबडणारा माणूस गप्प झाला की बायकोला काय ते कळतं.

मग तीच बोलली. पाच पेडांची वेणी त्यांच्या घरात फक्त ताईंना यायची आणि शाळेत जाताना ती फक्त हिची घालायच्या. लोकर सासूबाईंच्या स्वेटरची आहे, ती हिने पहिल्याच दिवशी ओळखली होती. दोन वर्षांनी ताईने बोलायचं ठरवलं तेही माशांच्या आडून, याचा तिला राग आला आणि तिने वेणी सोडवून टाकली. दुसऱ्या वेळी तिच्याने सोडवली गेली नाही, म्हणून स्वतःच्या ब्लाउजचं रेशीम बांधलं. म्हणजे आपण दोघे महिनाभर एकमेकांना म्हातारे ठरवत होतो आणि टपालखातं या दोघी चालवत होत्या.

रात्रीतून तिने बॅग भरली. तिच्या मनात राग जास्त आहे की भीती, मला कळत नाही. तिला तरी कळतं का, शंका आहे. मी दुकान बंद करून चार दिवसांत येतो. सांभाळून घ्या.

लोभ आहे तो आता दोघींच्या हवाली करतो.

आपला,
घड्याळजी


दवाखान्यातून,
१६ फेब्रुवारी

प्रिय साडूभाऊ,
स. न. वि. वि.

तुमची गाडी वाटेत बंद पडल्याचा निरोप मिळाला. उद्या याल तेव्हा हे हातात देईन, पण आत्ता लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

धाकटी आली त्या दिवशी दारातच तिने मला झापलं. तुमच्या वाटणीचंही मीच ऐकून घेतलं. मग ती आत गेली आणि सौ.समोर बसली. मी रंगाच्या खोलीत जाऊन बसलो, पण दार पातळ आहे. धाकटीने विचारलं की आईच्या वेळी का कळवलं नाहीस. सौ. म्हणाली, तुला बोलावलं असतं तर आई जाणार हे मला मान्य करावं लागलं असतं. दोन वर्षांत हे ती माझ्याशीही बोलली नव्हती. धाकटीने मग हळूच विचारलं की स्वतःच्या मानेबद्दलही असंच वाटलं का. सौ. हो म्हणाली. पुढे दोघी रडल्या आणि मीही इकडे थोडा रडलो. हे शिंप्याला सांगू नका.

तुमचा तो हातभर मासा कशामुळे लागला, ते मला अजून कळलेलं नाही. हिरव्या रंगाचा दावा मी सोडत नाही.

आज सकाळी नर्स सगळं विचारून घेत होती. काही असलं तर पहिलं कोणाला कळवायचं, असं तिने सौ.ला विचारलं. मी शेजारीच बसलो होतो. नवरा म्हणून मी घसा साफ केला, सरसावून बसलो. सौ.ने बधिर हात कसाबसा उचलला आणि धाकटीकडे दाखवला. नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो, तिलाच.

दुपारी आतलं दार उघडलं. नर्स बाहेर आली, मी उठून उभा राहिलो, ती माझ्या बाजूने पुढे गेली आणि बाकाच्या टोकाला बसलेल्या धाकटीजवळ जाऊन वाकली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. धाकटीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मी तिच्याकडे निघालो. मग तिने हात काढले.

ऑपरेशन नीट झालं, बोटं हलतात, हे मला धाकटीने सांगितलं.

लोभ आहे. लवकर या.

आपला,
रंगारी